दुसरा फोर्ट विल्यम

फोर्ट विल्यम हें नांव कानीं पडलें कीं, हिंदी माणसाच्या डोळ्यांपुढें कलकत्त्याचा किल्ला उभा राहतो. इंग्लंडच्या तिसऱ्या विल्यम राजाच्या नांवाचा तो किल्ला. 2024 सालाच्या अखेरीस त्याचें जुनें नांव जाऊन आपल्या कोंकणकिनाऱ्यावरील विजयदुर्गाचें नांव त्याला मिळालें, हें पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु त्याच नांवाचा दुसरा एक किल्ला पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, कॅनडांतील सुपीरिअर सरोवराच्या कांठीं होता. तो राजाच्या नांवाचा नव्हता, एका व्यापाऱ्याच्या नांवाचा होता. त्याच्या तटाआड तोफखान्यापेक्षां कातडीं, कांबळीं, पितळी भांडीं आणि रमचीं पिंपें यांचीच दाटी अधिक. आणि विशेष हें कीं, तो किल्ला पार नाहींसा झाल्यावर सत्तर वर्षांनीं पुन्हां उभा करण्यांत आला, त्यांत माणसें नेऊन बसविण्यांत आलीं, आणि तीं माणसें उन्हाळाभर 1815-16 सालचीं म्हणून तेथें वावरत असतात.

या किल्ल्याची हकीकत नीट ध्यानांत येण्यासाठीं थोडें मागें, आणि गंमत अशी कीं, थेट आपल्या मुंबईपर्यंत यावें लागतें. दुसऱ्या चार्ल्स राजाला पोर्तुगीज राजकन्येबरोबर मुंबई आंदण मिळाली. हें दमट बेट संभाळण्याचा खर्च त्याला परवडेना, म्हणून 1668 सालीं त्यानें तें सालीना 10 पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलें. दोनच वर्षांनीं, 1670 च्या मे महिन्यांत, त्याच राजानें त्याच लेखणीनें दुसऱ्या एका कंपनीला सनद दिली. हडसन उपसागराला जेवढ्या नद्या मिळतात त्या सर्वांच्या खोऱ्यांतील मुलूख, म्हणजे सुमारें पंधरा लक्ष चौरस मैल, तिच्या स्वाधीन केला. आजच्या भारताहूनहि तो मोठा. त्याचा खंड काय? राजा किंवा त्याचे वारस त्या मुलखांत पाऊल टाकतील तेव्हां त्यांना दोन एल्क जातीचीं सांबरें व दोन काळे बीव्हर नजर करावे! हा नजराणा 1939 सालीं सहाव्या जॉर्जला खरोखरच देण्यांत आला. मुंबईचे दहा पौंड निदान रोख होते. दोन्ही सनदांत एक गोष्ट मात्र सारखी होती. त्या मुलखांत आधीपासून राहणाऱ्या माणसांना कोणीं कांहीं विचारलें नव्हतें.

ही हडसन बे कंपनी पुढें साडेतीनशें वर्षें टिकली आणि शेवटीं मोठमोठ्या दुकानांची मालकीण होऊन, 2025 च्या जूनमध्यें तीं दुकानें बंद करून, व्यापारांतून उठून गेली. परंतु आजची कथा तिची नव्हे, तिच्या वैऱ्यांची आहे.

एवढ्या मोठ्या भानगडीच्या मुळाशीं काय होतें? एक टोपी. बीव्हर हा पाण्यांत राहणारा, दांतांनीं झाडें पाडून नदीला बांध घालणारा प्राणी. त्याच्या राठ केंसांच्या खालीं अतिशय बारीक लव असते आणि त्या लवेच्या प्रत्येक तंतूला सूक्ष्म कांटे असतात. ती लव भिजवून, रगडून, वाफेवर धरली म्हणजे ते कांटे एकमेकांत अडकतात आणि असा घट्ट नमदा तयार होतो कीं, त्याची टोपी पावसानें वांकत नाहीं. सतराव्या शतकापासून युरोपांतील कुलीन माणसाला अशा टोपीवांचून घराबाहेर पडणें कठीण झालें. युरोपांतले बीव्हर तोंपर्यंत मारून जवळजवळ संपविलेलेच होते. तेव्हां अमेरिकेच्या जंगलांकडे दृष्टि वळली. त्यांतहि अधिक किंमत येई ती मूळच्या रहिवाशांनीं दोन-तीन हिंवाळे अंगावर घालून वापरलेल्या कातड्यांना. कारण अंगाच्या घर्षणानें वरचे राठ केंस झडून गेलेले असत. लंडन-पॅरिसच्या सरदारांच्या डोक्यावर बसणारी टोपी ही आधीं कोणा रानांतल्या माणसाच्या अंगावरची जुनी बंडी होती, हें त्या सरदारांना बहुधा कोणीं सांगितलें नसावें. टोपी करणारे कारागीर लव मऊ करण्यासाठीं पाऱ्याचा क्षार वापरीत आणि त्या वाफांनीं हातपाय कांपून, बुद्धि भ्रमून जात; तेंहि त्यांना कोणीं सांगितलें नसावें.

हडसन बे कंपनीचे लोक आरंभीं उपसागराच्या कांठींच वखारी घालून गिऱ्हाइकाची वाट पाहात बसत. माँट्रिआल शहरांतील व्यापाऱ्यांनीं, म्हणजे बव्हंशीं स्कॉटलंडांतून आलेल्या हायलंडरांनीं, उलट युक्ति काढली. गिऱ्हाईक आपल्याकडे येण्याऐवजीं आपणच त्याच्या झोंपडीपर्यंत जावें. 1779 सालीं त्यांनीं नॉर्थ वेस्ट कंपनी या नांवानें भागीदारी केली. तिला राजाची सनद नव्हती. होती ती माणसें व होड्या. या कंपनीच्याच अलेक्झांडर मॅकेंझी यानें 1789 सालीं उत्तर महासागर गांठला आणि 1793 सालीं सबंध खंड ओलांडून पॅसिफिकचा किनारा गांठला. वाटाड्ये अर्थात् तेथलेच लोक होते.

अडचण होती ती काळाची. त्या मुलखांतील नद्या-सरोवरें वर्षांतून जेमतेम पांच महिने मोकळीं असतात, बाकी सर्व बर्फ. माँट्रिआलहून निघालेली होडी एका उन्हाळ्यांत वायव्येच्या टोकापर्यंत जाऊन परत येऊं शकत नाहीं. म्हणून मध्येंच, सुपीरिअर सरोवराच्या पश्चिम कांठीं, दोन्हीं बाजूंच्या लोकांनीं जुलै महिन्यांत भेटावें, इकडचा माल तिकडे व तिकडचीं कातडीं इकडे द्यावीं, आणि बर्फ पडण्यापूर्वीं आपापल्या मुक्कामीं पोंचावें, अशी व्यवस्था ठरली. अथाबास्कासारख्या अतिदूरच्या प्रांतांतील लोकांना तेवढाहि पल्ला झेपत नसे. त्यांच्यासाठीं रेनी लेक येथें आणखी एक अलीकडचा अड्डा ठेवावा लागे. हा सर्व व्यापार म्हणजे बर्फाशीं लावलेली शर्यत होती.

प्रथम हें मीलन ग्रँड पोर्टेज येथें होत असे. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर ती जागा सरहद्दीच्या पलीकडे गेली आणि जकातीचें भय निर्माण झालें. तेव्हां उत्तरेची दुसरी वाट हवी झाली. कामिनिस्टिक्विआ नदीची वाट फ्रेंचांना पूर्वीं ठाऊक होती, परंतु तिचा विसर पडला होता. रॉडरिक मॅकेंझी या भागीदाराला ती पुन्हां सांपडली, असें इतिहासांत म्हणतात. ती त्याला वाटेंत भेटलेल्या एका ओजिब्वे कुटुंबानें सांगितली. म्हणजे विसर कोणाला पडला होता, तें उघडच आहे. या नदीच्या मुखाशीं 1803 च्या सुमारास नवा किल्ला उभा राहिला व 1807 सालीं कंपनीचा प्रमुख विल्यम मॅकगिलिव्हरे याच्या नांवावरून त्याला फोर्ट विल्यम म्हणूं लागले.

आज थंडर बे शहराबाहेर, नदीच्या वळणावर उतरून लांकडी तटाच्या दरवाजांतून आंत गेलें कीं पाहुण्याला प्रथम काय जाणवत असेल, तर तो वास. देवदाराच्या ताज्या फळ्या, धुराळलेलीं कातडीं, चुलीवरचा मका, लोहाराचा कोळसा. भोंवतीं चाळीसांहून अधिक इमारती. मधोमध मोठें मोकळें पटांगण. त्याच्या शिरोभागीं भागीदारांचें भोजनगृह. एकीकडे पिंपें करणारा, एकीकडे पत्र्याचें काम करणारा, पावभट्टी, दवाखाना, कातड्यांचे गठ्ठे दाबण्याचा मळसूत्री दांडा, पलीकडे शेत व गुरें. कमरेला रंगीत शेला गुंडाळलेला एखादा गडी विचारतो, "माँट्रिआलहून किती दिवसांत आलांत?" पाहुण्यानें विमानाचें नांव काढलें तर तो भिवया उंचावून पाहात राहतो. मुलांना यांत फार मौज वाटते. मोठ्या माणसांना थोडें अवघडल्यासारखें होतें. परंतु पांच-दहा मिनिटांत तींहि खेळांत सामील होतात.

अशा प्रकारें इतिहास वठवून दाखविण्याची कल्पना नवी नाहीं. स्वीडनमध्यें आर्तूर हाझेलियुस यानें 1891 सालीं स्टॉकहोम येथें स्कान्सेन नांवाचें उघड्यावरचें संग्रहालय उघडलें, तेथपासून ही प्रथा जगभर पसरली. कांचेच्या कपाटांत मांडलेली वस्तु आणि हातांत घेतलेली वस्तु यांत जो फरक आहे, तोच या प्रथेचा आधार. फोर्ट विल्यममध्यें तो फरक सर्वांत चांगला कळतो तो होड्यांच्या छपरांत.

तेथें भूर्जवृक्षाच्या सालीची होडी आरंभापासून शेवटपर्यंत बांधतांना पाहतां येते. भूर्जाची साल म्हणजे आपल्याकडे ग्रंथ लिहिण्याची वस्तु. तिकडे त्याच जातीच्या झाडाच्या सालीवर सबंध खंडाचा व्यापार तरंगला. जमिनीवर साल पसरून तिच्यावर दगड ठेवतात, कडा वर वळवून खुंट्यांनीं उभ्या धरतात, स्प्रूस झाडाचीं मुळें चिरून, भिजवून त्यांनीं ती शिवतात, आंतून सीडर लांकडाच्या पातळ फळ्या व वांकविलेल्या बरगड्या बसवितात, आणि शेवटीं सांधे राळेनें लिंपून घेतात. सबंध होडींत खिळा म्हणून नाहीं. ती फाटली तर रानांतच दुरुस्त होते, कारण तिचा प्रत्येक अवयव रानांतच उगवतो. माँट्रिआलची होडी छत्तीस फूट लांब. तिच्यांत दहाएक वल्हेकरी आणि तीन टनांहून अधिक माल. आंतल्या अरुंद नद्यांसाठीं पंचवीस फुटांची लहान होडी. ही सर्व विद्या ओजिब्वे व त्यांच्या शेजारच्या लोकांची. युरोपियनांनीं आकार वाढविला, नमुना तोच ठेवला.

वल्हेकरी बहुतेक सेंट लॉरेन्स नदीकांठचे फ्रेंच शेतकरी. त्यांना व्हॉयाजूर म्हणत. शब्दाचा अर्थ नुसता प्रवासी. चौदा-चौदा तास वल्हीं मारावयाचीं, वल्ह्याच्या ठेक्यावर गाणें म्हणावयाचें, तासातासानें थांबून चिलीम ओढावयाची. अंतर मैलांत मोजीत नसत. अमुक सरोवर तीन चिलमी रुंद, असें सांगत. धबधबा आला कीं सगळा माल पाठीवर. नव्वद पौंडांचें एक गांठोडें, आणि एका खेपेला अशीं दोन, कपाळावरून घेतलेल्या चामड्याच्या पट्ट्यानें तोललेलीं. किल्ल्यांतील पाहुण्याला असें एक गांठोडें उचलून पाहण्याची मुभा असते. बहुतेकजण तें गुडघ्यापर्यंत नेऊन परत ठेवतात व हंसतात. दुसरें त्याच्यावर ठेवून खडकाळ, चिखलाच्या वाटेनें धांवत जाणें म्हणजे काय असेल, ही कल्पना त्या हंसण्यानंतर क्षणभर चेहऱ्यावर उमटते. अंतर्गळ होऊन कित्येक माणसें खचलीं. कित्येक पोहतां येत नसल्यामुळें धारेंत गेलीं. अवघड धबधब्यांच्या कांठीं लांकडी क्रूस रोवलेले असत आणि पुढच्या होड्या तेथें टोप्या काढून पुढें जात.

जुलैंत मेळा भरला कीं हजाराहून अधिक माणसें गोळा होत. पण सर्व एकत्र नव्हेत. माँट्रिआलचे लोक तटाबाहेर एका बाजूस, आंतल्या मुलखांत हिंवाळा काढणारे दुसऱ्या बाजूस. हे दुसरे पहिल्यांना 'डुकराची चरबी खाणारे' म्हणून हिणवीत. आणि दारू पोटांत गेली कीं त्या एका शब्दावरून डोकीं फुटत. फार दंगा करणाऱ्याला कोंडण्यासाठीं किल्ल्यांत एक खोली होती. तिला व्हॉयाजूर लोक 'लोण्याचें मडकें' म्हणत. भागीदारांचा थाट अर्थातच निराळा. रॉस कॉक्स हा कंपनीचा कारकून 1817 सालीं तेथून गेला. त्यानें त्या भोजनगृहाचें वर्णन करून ठेवलें आहे. सायमन मॅकटॅव्हिशचा अर्धपुतळा, भागीदारांच्या तसबिरी, नेल्सनचें पूर्णाकृति चित्र, आणि डेव्हिड थॉम्प्सननें काढलेला वायव्य मुलखाचा भिंतभर नकाशा. हा नकाशा म्हणजे एका माणसानें हजारों मैल पायीं व होडींतून हिंडून, तारे पाहून केलेलें काम. मूळ प्रत आज ओंटारिओ प्रांताच्या दप्तरखान्यांत आहे. ज्या नकाशाखालीं भागीदार मेजवानी झोडीत, तो काढणारा थॉम्प्सन पुढें दारिद्र्यांत, जवळजवळ विस्मृत स्थितींत वारला.

श्रोतेहो, येथवर सर्व ठीक. परंतु ज्या भूमीवर हा देखावा उभा आहे ती फोर्ट विल्यमची भूमि नव्हेच, ही गोष्ट कित्येक पाहुण्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

मूळ किल्ला नदीच्या मुखाशीं होता. 1821 सालीं दोन्हीं कंपन्या एक झाल्या, नांव हडसन बेचें राहिलें, व्यापाराची वाट उपसागरांतून जाऊं लागली आणि फोर्ट विल्यम हें एक किरकोळ ठाणें होऊन बसलें. पुढें तेंहि बंद पडलें. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे आली. तिला गाड्यांच्या आवारासाठीं नदीकांठची सपाट जागा हवी होती. शेवटची उरलेली दगडी कोठार-इमारत 1902 सालीं पाडून टाकली. जुन्या वस्तूंविषयीं आजच्याइतका जिव्हाळा त्या वेळीं कोणाला नव्हता. पुढें 1971 सालीं ओंटारिओ सरकारनें किल्ला पुन्हां बांधण्याचें ठरविलें तेव्हां मूळ जागेवर रूळ होते. म्हणून नदीनें सुमारें नऊ मैल वर जाऊन, जुने नकाशे व वर्णनें समोर ठेवून, तो नव्यानें बांधला आणि 1973 सालीं लोकांसाठीं उघडला.

या नव्या जागेचें नांव पॉइंट द म्यूराँ. हें नांव जेथून आलें ती कथा किल्ल्याच्या कथेहून कमी चमत्कारिक नाहीं. द म्यूराँ ही स्विस भाडोत्री शिपायांची पलटण. प्रथम ती डचांच्या चाकरीस सिलोनांत होती, तेथून इंग्रजांच्या चाकरीस आली, आणि 1799 सालीं श्रीरंगपट्टणच्या वेढ्यांत टिपू सुलतानाविरुद्ध लढली. तीच पलटण 1813 सालीं कॅनडांत आली व 1816 सालीं मोडली. लॉर्ड सेल्कर्क या स्कॉच सरदारानें रेड नदीच्या कांठीं गरीब शेतकऱ्यांची वसाहत घातली होती. ती नॉर्थ वेस्ट कंपनीच्या पेमिकनच्या, म्हणजे वाळवलेल्या गव्याच्या मांसाच्या, पुरवठ्याच्या आड येत होती. 1816 च्या जूनमध्यें सेव्हन ओक्स येथें मेती लोकांशीं झालेल्या चकमकींत वसाहतीचा गव्हर्नर व त्याचे वीस लोक ठार झाले. सेल्कर्कनें बेकार झालेले शेंकडाभर म्यूराँ शिपाई पगारावर ठेवले आणि ऑगस्टमध्यें सरळ फोर्ट विल्यमवर येऊन भागीदारांना अटक केली व किल्ला ताब्यांत घेतला. कैद करून पाठविलेल्यांपैकीं एक भागीदार वाटेंत सरोवरांत होडी उलटून बुडाला. म्हणजे ज्या शिपायांच्या पलटणीनें फोर्ट विल्यम काबीज केला, त्यांच्याच नांवाच्या जागेवर आज तो पुन्हां बांधलेला आहे. आणि त्या पलटणीच्या निशाणावर कावेरीकांठची धूळ बसलेली होती.

नकली जागेवरचा नकली किल्ला म्हणून त्याला हंसणें सोपें आहे. परंतु तें हंसणें न्याय्य ठरणार नाहीं. लांकूड तसेंच तासलेलें आहे, होडी तशीच शिवलेली आहे. खरी अडचण दुसरीच आहे. हातांनीं करावयाचीं कामें वठवून दाखवितां येतात. कर्ज वठवून दाखवितां येत नाहीं. व्हॉयाजूर आपल्या करारनाम्यावर फुली मारी, आणि कंपनीच्याच दुकानांतून घेतलेल्या तंबाखू-कपड्यांच्या उधारीनें पुढचीं वर्षें तिच्याशीं बांधला जाई. पिंपांत रम नसते, तेव्हां रमनें गांवेंच्या गांवें कशीं बसलीं, हें पिंपाकडे पाहून कळत नाहीं. 1781-82 ची देवीची सांथ, जिनें व्यापाराच्याच वाटांनीं आंतला मुलूख ओस केला, ती तर कोणीच वठवूं शकत नाहीं. दुपारच्या उन्हांत हंसतमुख गडी पाहून बाहेर पडणाऱ्याला वाटावें कीं, हा सगळा एक लांबलेला उन्हाळी प्रवास होता.

स्त्रियांचें घ्या. आंतल्या मुलखांत गोरी स्त्री नव्हतीच. भागीदारांपासून वल्हेकऱ्यापर्यंत पुष्कळांनीं तेथल्या चालीप्रमाणें, पाद्र्यावांचून, मूळ रहिवाशांच्या किंवा मिश्र रक्ताच्या मुलींशीं संसार थाटले. कातडीं कमावणें, बर्फावर चालण्याचे जोडे विणणें, भाषा सांगणें, सोयऱ्यांशीं व्यापार जुळविणें हीं कामें त्या स्त्रियांवांचून होणें शक्य नव्हतें. ज्याच्या नांवाचा हा किल्ला त्या विल्यम मॅकगिलिव्हरेचीहि सुझन नांवाची अशी पत्नी होती. तिच्यापासून त्याला मुलें झालीं. 1800 सालीं त्यानें लंडनच्या एका चर्चमध्यें दुसऱ्या स्त्रीशीं रीतसर विवाह केला. सुझन 1819 सालीं वारली. किल्ल्याला नांव एकाचेंच आहे.

आणि त्याच 1819 सालच्या ऑगस्टमध्यें डॅनिअल हार्मन हा कंपनीचा माणूस एकोणीस वर्षें आंतल्या मुलखांत काढून फोर्ट विल्यमला येऊन पोंचला. मूळचा व्हरमाँटचा, धर्मभीरु, रोजनिशी लिहिणारा. 1805 सालीं लिझेत दुव्हाल या मुलीला घरांत आणतांना त्यानें प्रामाणिकपणें लिहून ठेवलें होतें कीं, आपण स्वदेशीं परतूं तेव्हां तिला कोणा चांगल्या माणसाच्या हवालीं करून जाऊं. तो विचार त्या काळीं कोणाला वावगा वाटत नसे. मध्यंतरीं मुलें झालीं, कांहीं गेलीं. चौदा वर्षांनीं परत जाण्याची वेळ आली तेव्हां मात्र त्याला तें करवेना. मृत मुलांसाठीं जिच्याबरोबर आसवें गाळलीं तिला सोडून आपण जगूं कसे, असा भावार्थ त्यानें लिहिला आणि तो तिला व मुलांना घेऊन पूर्वेकडे गेला. त्याची रोजनिशी 1820 सालीं छापून निघाली. तटाच्या आंतल्या त्या मोकळ्या पटांगणांतून, हातांत गांठोडीं घेऊन, हें कुटुंब चालत गेलें असेल. अशा वेळीं देवदाराच्या नव्या फळ्यांनाहि कांहीं अर्थ येतो.

तटाबाहेर, नदीच्या बाजूला, ओजिब्वे लोकांच्या सालीच्या झोंपड्या उभ्या केलेल्या आहेत. विग्वाम म्हणतात त्यांना. येथें पाहुण्याच्या मनांतील खेळ किंचित् थांबतो. तटाच्या आंत स्कॉच भागीदार झालेला तरुण संध्याकाळीं कोट उतरवून दुसराच कोणी होतो. या झोंपड्यांच्या दाराशीं जाळें विणीत किंवा साल शिवीत बसणाऱ्यांत मात्र त्याच वंशाचीं माणसेंहि असतात. त्यांना संध्याकाळीं दुसरें कोणी व्हावयाचें नसतें. रानतांदूळ, मेपलची साखर, मासे, होडीची साल, मुळें व राळ, हें सर्व किल्ल्याला पुरविणारे त्यांचे पूर्वज. आणि कंपन्या गेल्यानंतरहि ते तेथेंच राहिले.

1850 च्या सप्टेंबरांत सुपीरिअर कांठच्या ओजिब्वे प्रमुखांनीं सू सेंट मारी येथें सरकारशीं तह केला. फोर्ट विल्यमचा प्रमुख झोझेफ पो द शा यानेंहि त्यावर संमति दिली. मुलूख द्यावा, थोडी राखीव जमीन ठेवावी, आणि दरसाल तनखा घ्यावा. मुलखाचें उत्पन्न वाढेल तसा तनखाहि वाढावा, असें कलम त्यांत होतें. तनखा 1875 सालीं माणशी 4 डॉलरवर गेला आणि तेथेंच थांबला. खाणी निघाल्या, जंगलें तुटलीं, शहरें वाढलीं. चार डॉलरांचे पांच झाले नाहींत. 1905 सालीं ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेला नदीकांठची जागा हवी झाली आणि फोर्ट विल्यमच्या राखीव भूमींतील वस्तीला चर्चसुद्धां हलवावें लागलें. स्मशानांतील मृतांनाहि उकरून दुसरीकडे नेलें. म्हणजे व्यापाऱ्यांचा किल्ला आणि मूळ रहिवाशांचें गांव, दोन्हीं तीन वर्षांच्या अंतरानें रुळांखालीं गेलीं. व्यापाऱ्यांचा किल्ला सत्तर वर्षांनीं सरकारी खर्चानें पुन्हां उभा राहिला. चार डॉलरांचा प्रश्न कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढें येऊन 2024 च्या जुलैमध्यें निकाल लागला. सरकारनें या वचनाच्या बाबतींत अप्रतिष्ठेचें वर्तन केलें, असें न्यायालयानें स्पष्ट शब्दांत म्हटलें.

हें सारें किल्ल्याच्या तिकिटावर छापलेलें नसतें, आणि छापावें असेंहि नाहीं. परंतु ज्यानें विग्वामच्या दाराशीं थोडा वेळ बसून, जाळें विणणाऱ्या माणसाला केवळ "याला काय म्हणतात?" एवढेंच न विचारतां "तुमचें घर कोठें?" असें विचारलें, त्याला बहुधा नदीच्या खालच्या अंगाला बोट दाखवून उत्तर मिळेल. तेथें, शहराच्या दक्षिण टोंकाला, सपाट माथ्याच्या डोंगराखालीं त्यांची वस्ती आजहि आहे.

जुलै महिन्यांत किल्ल्यावर मेळ्याचा देखावा करतात. दुपारीं धक्क्यावर गर्दी जमते, बंदुकीचा बार होतो, आणि वळणावरून गाणें म्हणत होड्या येतात. त्या आल्या म्हणजे पुढच्या टोंकाचा गडी कमरभर पाण्यांत उडी टाकून होडी अंगावर झेलतो. कारण सालीची होडी दगडाला लागूं द्यावयाची नसते. नंतर ती रिकामी करून, राळेचे सांधे तपासून, पालथी करून वाळत ठेवतात.